उजवा कौल

कौल लावायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, देवाकडे बघायचं, असं लवू गुरवाला त्याच्या बापाने शिकवलं होतं. लवूने हे आयुष्यभर पाळलं. एकदाच मोडलं, आणि त्या एका वेळेने जी वाट लावली ती पुढे निस्तरता निस्तरली नाही.

लवू मूळचा राजापूरकडचा. अठ्ठावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढली. राहायला जोगेश्वरीला, टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या चाळीत. चाळीतल्या कोकणातल्या लोकांनी वर्गणी काढून वरच्या अंगाला रवळनाथाचं छोटं देऊळ बांधलं, तेव्हा पूजेला माणूस शोधायची गरजच पडली नाही. गुरवाचा मुलगा चाळीतच होता. पहाटे पूजा करायची, मग गिरणी. ब्याऐंशीला संप झाला आणि गिरणी सुटली, तेव्हापासून लवूला देवाशिवाय धंदा उरला नाही. बायको आधीच गेलेली. पोरंबाळं नाहीत.

कौल म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्याला सांगावं लागतं. देवाच्या दगडी छातीवर दोन ओले कळे लावायचे, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. पोरीचं जमेल का, गावची जमीन विकू का, दुखणं दवाखान्याचं की बाहेरचं, सगळं त्या दोन फुलांना विचारायचं. हसणाऱ्यांनी हसावं. संपात ज्याच्या घरात चूल पेटत नव्हती तो माणूस आणखी कुणाला विचारणार होता?

लवूची एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. कळा पडायच्या आधी त्याला उत्तर कळायचं. छातीत मध्यभागी काहीतरी मोकळं व्हायचं, की समजावं उजवा. काहीतरी जड होऊन खाली बसायचं, की डावा. आणि कळा तसाच पडायचा. लवूला याची भीतीच वाटे. हे त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं, हसनमियाँ सारंगाला.

हसनमियाँ टेकडीच्या पायथ्याशी एका पीराच्या दर्ग्याच्या भिंतीला टेकून छत्र्या दुरुस्त करायचा. तोही राजापूरचाच. जवानीत गलबतावर खलाशी होता, म्हातारपणी या पीराची झाडलोट करत होता. दोघांचं गाव एक, बोली एक, आणि तंबाखूची डबीही एकच. लोक म्हणायचे, गुरव आणि मियाँ, काय जोडी आहे! त्यांना कुठे माहीत, की दोघं बसून कशाबद्दल बोलतात.

लवूने छातीतली गोष्ट सांगितली तेव्हा हसनमियाँला काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "अरे, ह्या आमच्या मुर्शिदान माका पयल्याच दिसाक सांगल्यान. इल्म दोन असतत. एक पुस्तकातलो, तो डोक्यात जाता. दुसरो सरळ दिलात उतरता, तेका शिकवणारो कोण नाय." इल्म म्हणजे ज्ञान, मुर्शिद म्हणजे त्याचा गुरू. बंदरावरचा कुणी फकीर होता म्हणे.

"मगे मनात येता ता सगळाच खरा म्हणायचा?" लवूने विचारलं.

"छट्! थयच तर माणूस बुडता." हसनमियाँने हातातली काडी खाली ठेवली. "त्याच छातीत आपली हावपण बोलता. आमी तिका नफ्स म्हणतो. तिचो आवाज मोठो. ती धा कारणा देता, परत परत सांगता. दिल एकदाच सांगता. हळू सांगता, आणि कारण देणा नाय."

मग त्याने गलबतावरची गोष्ट सांगितली. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की दोरीला शिशाचा गोळा बांधून खाली सोडायचे. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली. वर ओढला की चरबीला तळाची वाळू नाहीतर चिखल चिकटून यायचा, आणि तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा, त्यावरून ओळखायचा आपण कुठे आहोत. खलाशांना घर जवळ आलेलं हवं असायचं. सगळे म्हणायचे, बंदर इलाच! "पण तांडेल गोळ्याचा आयके. आमचा नाय."

लवूला हे पटलं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं. पाळायची वेळ यायची होती.

ती आली त्र्याऐंशीच्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी. चाळीतली नलिनी देवळात आली, सोबत सासू रुक्मिणी. नलिनी चोवीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. नवरा जयवंत लवूच्याच खात्यात होता, पोरगेला, हसतमुख, साच्यावर उभा राहून शिट्टी वाजवायचा. संप मिटेना म्हणून पावसाच्या तोंडावर तो सुरतेला गेला, यंत्रमागाच्या कामाला. जुलैत एक कार्ड आलं: खोली बदलतोय, नवा पत्ता कळवतो. मग काहीच नाही. जयवंतचा चुलत भाऊ बाळा सुरतेला जाऊन दोन दिवस गल्ल्या पालथ्या घालून आला. एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस शोधायचा, पत्ता सोडलेल्या खोलीचा, फोटो लग्नातला. कुणी ओळखलं नाही.

"देवाला विचारा काका," नलिनी म्हणाली, "परत येणार ना?"

लवूने कळे भिजवून लावले. गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या लेकराक पडलेलो घोर दूर कर रे म्हाराजा!" दोघी मागून म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" आणि लवूच्या छातीत ते खाली बसलं. इतकं जड त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. जयवंत नाही. कारण नाही, पुरावा नाही, नुसतं कळलं. नाही.

आणि तेव्हा त्याने मागे वळून बघितलं.

नलिनी हात जोडून उभी होती. हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. बघायला नको होतं रे लवू! पण बघितलं. आणि लगेच छातीत दुसरा आवाज चालू झाला. पोर लहान आहे. आत्ताच कशाला सांगायचं? तुला तरी काय खात्री? चार महिने आशेवर काढू दे, सावकाश कळेलच. म्हातारीचं काळीज फुटेल. दहा कारणं, एकापाठोपाठ एक.

कळ्याला पाणी कमी असलं की तो लवकर सुकतो आणि आधी गळतो. हे प्रत्येक गुरवाला ठाऊक असतं, आणि कुठलाच चांगला गुरव ते वापरत नाही. लवूने उजवा कळा सारखा करायच्या निमित्ताने अंगठ्याने त्याचं पाणी हळूच पुसलं.

उजवा पडला.

रुक्मिणीने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. नलिनी मात्र हसली नाही, रडलीही नाही. नुसती त्या पडलेल्या कळ्याकडे बघत राहिली. लवूला वाटलं, आनंदाने बावरली असेल. त्याला बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोला, आपण फार मोठं पुण्य केलं असंच त्याला वाटलं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर ती पुन्हा आली. मग त्याच्या पुढच्या वर्षी. दर वेळी तोच प्रश्न, आणि लवूचा अंगठा दर वेळी उजव्या कळ्यावरून फिरे. एकदा उजवा दिल्यावर डावा द्यायचा कुठल्या तोंडाने? नलिनी घरी उडदाचे पापड लाटून द्यायची, सासूला सांभाळायची. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. नळावर बायका विचारत, "काय गं, काही कळलं?" ती म्हणे, "देवाने उजवा दिलाय." मग कोण काय बोलणार?

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका शनिवारी संध्याकाळी रुक्मिणी एकटीच लवूकडे आली. जिना चढून दम लागला होता. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "लवूभावजी, नलिनीसाठी मी स्थळ बघितलंय."

लवूला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"दिंडोशीच्या वसाहतीतला आहे. नंदकिशोर नाव. फिटर आहे. बायको बाळंतपणात गेली. मी स्वतः जाऊन बघून आले, माणूस सरळ आहे. म्हणतो, तिच्या सासूलाही मी टाकणार नाही. एवढं म्हणणारा आणखी कुठे मिळेल, सांगा मला? नलिनी म्हणते, देव सांगेल तसं. देव म्हणाला तो येणार नाही, तरच मी उभी राहीन. उद्या सकाळी येतो आम्ही." जाताना ती दारात थांबली. "नीट विचारा हां, भावजी," म्हणाली.

आता जी आई आपल्या सुनेला दुसरा नवरा शोधते, तिला मुलाचं काय झालं हे कळलेलं नसेल का? पण लवूच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. तो तसाच खाली हसनमियाँकडे गेला आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळं ओकला. अंगठा, पाणी, सगळं.

हसनमियाँने तंबाखूची डबी बंद केली. मग म्हणाला, "तुका दया इली. दया वायट नाय. पण दिलान सांगितलेली गोष्ट अमानत असता, लवू. दुसऱ्याची वस्तू तुझ्याकडे ठेवक दिल्यासारखी. ती तिची होती. तू तिका दिलंसच नाय."

"उद्या काय करू?"

"आपल्या दिलाक इचार."

"इचारलंय रे! येताना सगळ्या वाटेर इचारतंय." लवूने छातीवर मूठ मारली. "काय येणाच नाय. पयल्यांदा कसा लख्ख कळला होता! आता छाती नुसती रिकामी. दोन वर्सा झाली, कोणाच्याच कौलाक काय कळणा नाय माका."

हसनमियाँने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुका एकदा सांगान झाला हा. तू गप बस म्हणून सांगलंस, ता गप बसला. परत कित्याक सांगात? उद्या कळे लावच नको. तिका समोर बसव आणि चार वर्सांपूर्वी जा कळला ता सांग. बस."

लवूने मान हलवली. सांगायचं ठरवलं. अगदी शब्द जुळवून ठेवले.

पण रविवार होता. देवळात वीसेक माणसं. नलिनी आणि रुक्मिणी पुढे आल्या आणि लवूची नजर त्यांच्या मागच्या माणसांवर गेली. या सगळ्यांसमोर सांगायचं, की मी देवाच्या छातीवर बोट फिरवलं? ज्यांच्या पोरींची लग्नं या कळ्यांवर ठरली, ते काय म्हणतील? तो मनाशी म्हणाला, कौल लावतो, पण आज सरळ लावतो. दोन्ही कळ्यांना सारखं पाणी. पडेल तो पडू दे. डावा पडला तर सुटलो, दोघंही सुटलो.

त्याने देवाकडे बघूनच कळे लावले. जयवंत येणार ना, तेच गाऱ्हाणं घातलं. हात खाली घेतला आणि बघतो तर अंगठा ओला! चार वर्षांची सवय. हाताने आपलं काम करून टाकलं होतं. लवू झटकन पुढे झाला, पण तेवढ्यात उजवा कळा सुटला आणि खाली पडला.

"उजवा!" कुणीतरी मागून म्हणालं.

तेव्हा एका वाक्याचं काम होतं. हा खरा नाही, एवढंच. लवूच्या तोंडातून ते निघालं नाही. लोकांनी हात जोडले. रुक्मिणी देवाकडे नाही, लवूकडे बघत होती. बराच वेळ बघितलं तिने. मग म्हणाली, "बरं. देवाची मर्जी." आणि सुनेचा हात धरून निघून गेली.

हसनमियाँ त्या दिवशी ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तू देवाचो गुरव रवलंस नाय रे. आपल्या अब्रूचो गुरव झालंस." ते लवूला जोड्याने मारल्यासारखं लागलं.

नंदकिशोरने तीन महिने वाट बघितली. माघात त्याचं लग्न झालं, बोरिवलीच्या एका मुलीशी.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात बाळा गावी गेला. रुक्मिणीचं गावचं घर संपापासून कुलपात होतं. जायला यायला भाडं कुणाकडे होतं? पाऊस लागायच्या आत कौलं शाकारावीत म्हणून बाळाने गंजलेलं कुलूप फोडलं. दार ढकललं तर खाली काहीतरी अडकलं. पोस्टमनने दाराच्या फटीतून सरकवलेलं कार्ड. एका बाजूने वाळवीने खाल्लेलं, पण वाचता येत होतं. जयवंतच्या ट्रंकेत गावचा एवढा एकच पत्ता मिळाला म्हणून त्यावर लिहितो, असं खोलीतल्या सोबत्याने लिहिलं होतं. कावीळ झाली होती. सरकारी दवाखान्यात चार दिवस होता. अकरा ऑगस्टला गेला, आम्ही सगळ्यांनी मिळून अग्नी दिला, सामान न्यायला कुणीतरी या. कार्डावर तारीख सतरा ऑगस्ट एकोणीसशे त्र्याऐंशी.

पहिला उजवा पडला तेव्हा जयवंतला जाऊन दोन महिने झाले होते.

देह हाती नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तेराव्यापर्यंत लवू त्या खोलीकडे फिरकला नाही. देवळात जायचा, पूजा करायचा, कौलाला कुणी आलं की म्हणायचा, माझे हात कापतात, आता होत नाही. चौदाव्या दिवशी दुपारी तो नलिनीच्या दारात उभा राहिला.

रुक्मिणी भिंतीकडे तोंड करून निजली होती. नलिनी सुपात तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं. बघवत नव्हतं. लवू उंबऱ्यातच बसला, आणि त्याने सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. त्या पहिल्या दिवशी छातीत काय बसलं ते, अंगठा कसा फिरवला ते, दर वर्षीचं, आणि नंदकिशोरच्या वेळचं. "मला तेव्हाच कळलं होतं, नलिनी," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच. मी तुला दिलं नाही."

तिची बोटं सुपात थांबली. लवू वाट बघत होता. तिने सूप तोंडावर फेकावं, शिव्या द्याव्यात, चाळ गोळा करावी. त्याची तयारी होती. त्याला तेच हवं होतं.

"मला पण कळलं होतं," नलिनी म्हणाली.

लवूने वर बघितलं.

"श्रावणातली गोष्ट. दुपारी भाजी चिरत होते. काही नाही, कोणी नाही, आणि एकदम छाती रिकामी झाली, काका. भाजी विळीवर तशीच. म्हटलं, गेला. बस, एवढंच. कुणाला सांगणार? आईंना सांगणार, की तुमचा मुलगा गेला असं मला वाटतं?" ती अगदी सावकाश बोलत होती. "म्हणून दसरा झाल्यावर तुमच्याकडे आले. विचारायला नव्हते आले. मला माहीत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आले होते. डावा पडला असता तर घरी येऊन पोटभर रडले असते. संपलं असतं सगळं."

"मला वाटलं, तुला आशा..." लवू म्हणायला गेला.

"उजवा पडला. मग मी काय समजायचं? देव खोटं बोलेल का? लवूकाका खोटं बोलतील का? म्हणजे माझंच मन पापी. नवरा जिवंत आहे आणि ही बया त्याला मेलेला समजते." तिने नाक ओढलं. "दर वर्षी वाटायचं, आता तरी देव म्हणेल, पोरी, तुझं बरोबर आहे. दर वर्षी उजवा. नंदकिशोरच्या वेळी तर मी देवाच्या हातापाया पडत होते आतल्या आत. मग मी स्वतःवर विश्वास ठेवायचाच सोडून दिला. कुणी विचारलं, नलिनी भाजीत मीठ झालंय का, तरी मला सांगता येईना. आईंना चाखायला लावायचे."

भिंतीकडे तोंड केलेली रुक्मिणी हलली नाही, पण तिचे खांदे हलत होते. ती जागी होती. तिलाही कळलं होतं. तिघंही एका चाळीत राहत होती, तिघांनाही माहीत होतं, आणि पाच वर्षं तिघं त्या दोन फुलांकडे बघत बसली.

लवूने नलिनीच्या पायांकडे हात नेला. तिने पाय मागे घेतले.

"नको काका. वयाने मोठे आहात तुम्ही." तिने सूप मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "मी सोमवार करते. नवऱ्याला मनातून मेलेला समजले, त्या पापाचे. पाच वर्षं झाली. नुसत्या पाण्यावर. लग्नाआधी माझं वजन किती होतं ते आठवतही नाही आता."

लवू ओक्साबोक्शी रडायला लागला. पासष्ट वर्षांचा बाप्या, उंबऱ्यात बसून. शेजारची दारं उघडली, माणसं डोकावली, परत आत गेली. नलिनी रडली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं आणि खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्याच्याकडे बघितलं.

"आज सोमवार आहे," ती म्हणाली. "म्हणजे पाप नव्हतंच. मग हा उपास आता कुणाच्या नावाने सोडू, तेवढं सांगा."